सरांनी न घेतलेला चहा

शेवटच्या आजारात माझ्या मायनं सरांपुढे चहाचा कप ठेवायला लावला, आणि सरांनी तो घेतला नाही. ही गोष्ट मी अजून पोटात ठेवून आहे. आता सरही गेले. लोक म्हणतात, जाऊ दे आता. मी धानाचा व्यापारी आहे. जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाचा या धंद्यात पहिल्याच हंगामात निकाल लागतो.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. आंधळगावात त्यांना नावानं कोणी ओळखतही नव्हतं. 'चिठ्ठीवाले सर' म्हटलं की गुराख्यालाही कळायचं. विद्यापीठाचं एक केंद्र होतं, या भागाचा अभ्यास करणारं आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना इथली बोली शिकवणारं. त्याची पाटी वाचता वाचता माणूस पुढे निघून जाईल एवढी लांब होती, म्हणून गावानं त्याला 'बोलीचं ऑफिस' करून टाकलं. सर त्या ऑफिसचे प्रमुख. हाताखाली कोणी नव्हतं.

ऑफिस माझ्याच इमारतीत होतं. दुसऱ्याच्या मिलमध्ये पाठीवर धानाचे कट्टे वाहून मी वर आलो आणि रस्त्याला लागून दुमजली बांधकाम उभं केलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. सर भाड्यानं खोल्या पाहायला आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे आकडा फुगवून सांगितला. समोरचा निम्म्यावर येईल, मग मी थोडा खाली उतरीन, असा हिशेब मनात तयार होता.

"ठीक आहे," सर म्हणाले.

मला वाटलं, यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं हो मालक. ठीक आहे म्हटलं ना."

भाव न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आपण कुस्तीसाठी लंगोट कसून उभं राहावं आणि समोरच्यानं पाठ टेकवून मोकळं व्हावं, तसं झालं. शेवटी चिडून मीच आकडा खाली आणला. तेव्हाही ते 'ठीक आहे' म्हणाले. हा माणूस कशालाही हो म्हणतो, असा माझा त्या दिवशी समज झाला. आयुष्यात माझी एवढी चुकीची पारख दुसरी झाली नाही.

सर मूळचे साताऱ्याकडचे. इतकी वर्षं इथे राहून, इथल्या बोलीचा शब्द न् शब्द कळत असूनही, ते स्वतः ती बोलत नसत. मी एकदा डिवचलं, "काहून जी सर, पोरायले शिकवता आन् सोता नाही बोलत?" तर म्हणाले, "मी पाहुणा आहे. पाहुण्यानं घरच्यासारखं बोलायला लागलं की घरची माणसं त्याच्यापुढे सावरून बोलतात."

त्यांची काम करायची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी होती. खांद्याला एक पिशवी. तिच्यात बैलाच्या गळ्यात वाजणारी घाटी, मोडकं लाकडी माप, मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचा तुकडा, असलं काहीबाही. कोणाच्याही ओसरीवर जाऊन बसायचं, पिशवीतली एक वस्तू काढून समोर ठेवायची आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसायचं. याला काय म्हणता, असं कधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल ते उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं. समोरचा बोलता बोलता आपसूक त्या वस्तूचं नाव घेईपर्यंत ते बसून राहत. एका म्हाताऱ्यानं औताच्या खुंटीचं नाव घेण्याआधी भावाशी झालेल्या वाटणीच्या भांडणाची सगळी कथा सांगितली. सरांनी ती पूर्ण ऐकली, आणि शेवटी डोळे त्यांनीच पुसले.

नाव मिळालं की ते कार्डावर पेन्सिलीनं लिहायचं. शाई त्यांना चालत नसे. "शाईनं लिहिलं की लिहिणाऱ्यालाच ते खरं वाटायला लागतं," म्हणायचे. प्रत्येक कार्डावर खाली तीन ओळी आखलेल्या असत. तीन साक्षीदारांच्या. तीन वेगळ्या घरांतली तीन माणसं हवीत, कोणी कोणाचं ऐकलेलं नसावं, कोणी शिकवलेलं नसावं. तिसरी ओळ भरली की शब्द पक्का. मग ते जिन्यावरून खाली येत, माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसत आणि चहा मागत. एरवी चहाला शिवत नसत. कोणीही द्या, कुठेही द्या, उत्तर एकच: "अजून नाही." एखादा महिना कोरडा जायचा. म्हणून सर बाकावर दिसले की रस्त्यानं जाणारा हटकून ओरडायचा, "सरले चहा भेटला गा आज!"

मला हे पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. खोल्या घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी सर आमच्या घरी आले. मायनं चहा पुढे केला आणि ते म्हणाले, "अजून नाही, आजी." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमचं घर बौद्धांचं. आमच्या घरचा चहा कोणकोणत्या सबबींनी नाकारला जातो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. मी तिथल्या तिथे ताडकन बोललो, "चालत नसन तर तसं तोंडावर सांगा जी. खोल्या आत्ता खाली करा."

सर गोंधळले. मग त्यांना उलगडलं तसे त्यांचे कान लाल झाले. ते उठले, स्वतः चुलीपाशी गेले, टोपल्यातली भाकर मोडली, वांग्याच्या भाजीबरोबर उभ्यानंच खाल्ली, माठातलं पाणी प्याले आणि मग चहाचा नियम सांगितला. माय हसून हसून लोळली. "अरे बाप्पा, माह्या कप तं शब्दासाठी अडून हाये! थांब मास्तर, तुले शब्द देतो आन् चहा पाजतो."

त्यांच्या विद्यार्थ्यांचंही सांगितलं पाहिजे. बाहेरून आलेल्या मुलांना पहिला आठवडा गावात बोलायची बंदी असे, फक्त ऐकायचं. विद्यापीठानं मुकी पोरं पाठवली, असा बाजारात बोभाटा झाला होता. आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा घ्यायचो मी. कागदावर नाही, दुकानात. विद्यार्थ्यानं माझ्याशी तांदळाचा भाव करायचा. मी चिडलो, म्हणजे खरा चिडलो, तर पास. पुस्तकी मराठीत भाव करणाऱ्यावर मला राग येत नाही, कीव येते. एकदा एक किडकिडीत मुलगी आली. तांदूळ मुठीत घेतला, फुंकला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून जी, हा तांदूर माणसायले इकता का कोंबड्यायले?" मी गादीवरून उठलो, माप आपटलं, तिच्या सात पिढ्या काढणार तेवढ्यात दारातून सर शांतपणे म्हणाले, "पास." सगळं दुकान हसलं. असे ते दिवस होते. मी मनातून सरांवर खूश होतो, हे आज कबूल करतो.

मायचं माहेर आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. लग्नाआधी ती तिथे दुसऱ्यांच्या खळ्यावर धान पाखडायला जायची. सुपात धान पाखडताना पोचट दाणा पुढून उडून जातो, भरलेला मागे बसतो, आणि अर्धवट भरलेला मध्येच रेंगाळतो. या रेंगाळणाऱ्या दाण्याला तिच्या माहेरी 'खिरोडा' म्हणत. आणि खिरोडा पाखडणारणीचा असे. मालक त्याला हात लावत नसे. बाया तो पदरात बांधून घरी नेत, भाजून खात. लग्न होऊन ती इकडे आली. पहिल्याच हंगामात तिनं सवयीनं खिरोडा बाजूला काढून पदरात बांधला आणि मालकाच्या बाईनं चार माणसांत तिचा पदर सोडायला लावला. चोर म्हणाली. इकडे त्या दाण्याला नाव नव्हतं. तो कोंबड्यांपुढे जायचा. मायनं पुढे आयुष्यभर लोकांची खळी झाडली, पण ती गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. माझं दुकान झालं, घर झालं, तरी ती कधी मध्येच म्हणायची, "मी चोर नव्हती बाबू. तो माह्या होता."

सरांनी एकदा तिच्यापुढे सूप ठेवलं. सुपात तसले दाणे होते. ठेवलं आणि गप्प बसले. मायनं सूप हातात घेतलं, दोनदा झटकलं, दाणे मध्ये गोळा केले आणि म्हणाली, "हा खिरोडा. हा पाखडनारनीचा." आणि मग चार माणसांत पदर सोडल्याची गोष्ट सांगितली. मी घरातच होतो. तिनं ती मला शंभरदा सांगितली होती, पण सरांना सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

सरांनी कार्ड काढलं. पहिल्या ओळीवर मायचं नाव, तिच्या माहेराचं नाव.

"कागदावर आलं ना मास्तर?"

"एक ओळ आली आजी. दोन राहिल्या."

"तीन झाल्या का मंग पुस्तकात येईन?"

"येईल."

"मंग मी चोर नव्हती, हे बी त्याच्यात येईन?"

सरांनी कार्डाकडे पाहिलं. "खिरोडा पाखडणारणीचा, एवढं येईल."

"तेवढं पुरे."

मग सर माहेरच्या माणसांच्या मागे लागले. धरणानं उठवलेलं ते गाव चार ठिकाणी विखुरलं होतं. सर बसनं, कोणाच्या गाडीवर मागे बसून, सूप घेऊन त्या पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये फिरत. सिमेंटच्या ओट्यावर सूप ठेवत आणि गप्प बसत. म्हाताऱ्या सुपाकडे पाहत आणि भलतंच बोलत. बुडालेल्या घराबद्दल, तलावाच्या बांधावरच्या चिंचेबद्दल. कोणी नुसतीच रडे. शेती गेलेली, उरलेल्यांचं धान बहुतेक मशीन काढतं, म्हाताऱ्यांना सूप हातात धरून वर्षं झालेली. शब्द काही निघेना. सर परत येत आणि सरळ जिना चढून वर जात. बाकावर बसत नसत.

इकडे माय थकत चालली. रोज विचारायची, "मास्तरनं चहा घेतला का?" मला ते ऐकवेना. मी धंद्यातला माणूस. माल कमी पडला तर तो कुठून तरी उभा करायचा, हे मला येतं. सर पुन्हा कधी आणि कुठल्या वसाहतीत जाणार हे मी काढून घेतलं, आणि आधीच्या दिवशी तिथे जाऊन ठाण मांडलं. चार म्हाताऱ्या गोळा केल्या, बुंदी वाटली, मायची ओळख काढली. म्हणालो, "उद्या एक मास्तर येईन. कायबी ठेवू द्या, तुम्ही खिरोडा म्हना." घरी येताना वाटलं, हा आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा.

दुसऱ्या दिवशी मी सहज आल्यासारखा सरांबरोबर गेलो. सर ओट्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी आधी घाटी काढली. सूप अजून पिशवीतच होतं. घाटी खाली टेकते न टेकते तोच सगळ्यात म्हातारी बाई मोठ्यानं म्हणाली, "खिरोडा! खिरोडा जी मास्तर!"

बाया फिदीफिदी हसल्या. सरांनी घाटी उचलून हळूच पिशवीत ठेवली.

"आजी, हा शब्द कोणी सांगितला?"

"ह्या बाबूनं ना! लय चांगला हाये गा. बुंदी देल्ली."

"आणि तुम्ही कधी म्हणत होता का? तुमच्या गावी, खळ्यावर?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "म्हनत असन बाप्पा आमीबी. म्हनतच असन. आता कालपासून तोंडात बसला, मंग पयले होता का नव्हता, कसं सांगू?"

परतीला लागताच मीच ओरडायला लागलो. "शब्द खोटा हाये का माह्या मायचा?"

"शब्द खरा आहे. मला एका क्षणाचाही संशय नाही."

"मंग लिहा ना!"

"मालक, त्या बाईला कदाचित तो खरंच आठवला असता. पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी. आता चारही वसाहतींत तो पोचेल. तिथे मला कोणीही काहीही सांगितलं, तरी ते तिच्या गावाचं की तुमचं, हे मला कळणार नाही."

ते रागावून म्हणाले असते तर मी भांडलो असतो. ते एखाद्याच्या घरचं माणूस गेल्यावर बोलावं तसे बोलले.

यानंतर महिन्याभरातच मायनं अंथरूण धरलं. सर रोज येऊन पायाशी बसायचे. एका दुपारी तिनं माझ्या बायकोला चहा ठेवायला सांगितलं. कप सरांपुढे ठेवायला लावला. मग सरांकडे पाहिलं. तिचं बोलणं तुटक झालं होतं, पण जे विचारायचं होतं ते त्या कपातच होतं.

"घे मास्तर."

मी दारात उभा होतो. मायच्या उशाकडून मी हात जोडले. मायला ते दिसले नाहीत, सरांना दिसले. मनात म्हणत होतो, घ्या. एक घोट घ्या. दुप्पट भाड्याला मान हलवणारा माणूस तुम्ही, एकदा हलवा ना मान.

सरांनी कपाला हात लावला. बशी वाजली. मग त्यांनी हात मागे घेतला.

"अजून नाही, आजी. वाट पाहतोय."

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाहा. माहेरची मानसं उशिराच येतेत." आणि कुशीवर वळली.

दोन दिवसांनी ती गेली. पुण्यानुमोदनाचीही वाट न पाहता मी सरांना खोल्या खाली करायला सांगितल्या. नको ते बोललो. तुम्हाला माणसं नाही, चिठ्ठ्या पाहिजेत, असंही म्हणालो. ते म्हणाले, "ठीक आहे."

सर मोहाडीला एका खोलीत गेले. पुढे विद्यापीठानं ते केंद्रच बंद केलं. पक्क्या शब्दांचं जाड पुस्तक निघालं. मी ते विकत आणलं आणि दुकानात उभ्या उभ्या पाहिलं. खिरोडा त्यात नव्हता. पुस्तक मी कट्ट्यांच्या मागे फेकून दिलं. सर वारल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. मी गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरांचे घरमालक एक बुटांचा खोका घेऊन आले. विद्यापीठानं पक्की कार्डं नेली होती, ही अपुरी म्हणून ठेवून दिलेली. खोक्यावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं होतं. बाकीची कार्डं नव्यासारखी कडक होती, मायचं मात्र हाताळून मऊ झालेलं. मागच्या बाजूला गावांची यादी होती, बारीक अक्षरात, दोन रांगांत. आधी मला कळेना. मग उमगलं. वसाहतींत मी शब्द पेरला होता. पण त्या गावाच्या लेकी लग्न होऊन कुठे कुठे गेल्या होत्या, तिथे मी पोचलो नव्हतो. त्यांना सर शोधत फिरले होते. माझ्या खोल्या सोडल्यावर. पार मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंत. एकेका गावावर काट मारलेली. बपेऱ्यावर काट नव्हती. कार्ड उलटं केलं. दुसऱ्या ओळीवर एका बाईचं नाव, आणि पुढे दोन शब्द: 'न सांगता.'

तिसरी ओळ रिकामी होती.

ते कार्ड आता माझ्या गल्ल्यात असतं. गादीशेजारी मी एक सूप ठेवतो, त्यात थोडे अर्धवट भरलेले दाणे. येणारी म्हातारी बाई दिसली की सूप पुढे सरकवतो आणि गप्प बसतो. माझी बायको म्हणते, तुम्हाला गप्प बसलेलं पाहून गिऱ्हाईक घाबरतं.

परवा एक बाई तांदूळ घ्यायला आली. साठीची असेल. बोलता बोलता तिनं सूप ओढलं, झटकलं आणि म्हणाली, "खिरोडा कायले ठेवला जी इथं?"

माझ्या हातून माप पडलं. मी ओरडून समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. कार्ड काढलं, पेन्सिल काढली, तिचं नाव विचारलं, गाव विचारलं. माहेर-सासर एकाच गावात, तेच बुडालेलं. माझी पेन्सिल तिसऱ्या ओळीवर टेकली होती. मला जाब विचारणारं कोणी उरलं नव्हतं. तरी मी विचारलं.

"हा शब्द कोठी ऐकला बाई?"

"आमच्या पुनर्वसनात सगळेच म्हनतेत. कोनी व्यापारी येऊन सांगून गेल्ता म्हने, तवापासून. मी तवा नव्हती, लेकीकडं होती." ती हसली. "आता तं जी, मजुरीनं पाखडाले गेलो का खिरोडा आमीच ठेवतो. मालक काई बोलला, तं सांगतो, हे आमच्या गावचंच हाये."

चहा आला. तिनं बशीत ओतून फुंकत फुंकत घेतला. मी पेन्सिल उचलली आणि कार्ड गल्ल्यात परत ठेवलं.

"काहून जी, तुमचा थंडा होऊन राहिला. घेत नाही का?"

"अजून नाही," मी म्हणालो.